टाके काढल्यानंतर

विट्यात रात्री कुणाच्या डोक्याला जबर मार लागला की गाडी दोनच दिशांना धावते. एक रस्ता कडेगाववरून कराडला जातो, दुसरा तासगाववरून सांगली-मिरजेला. कुठला धरायचा हे बऱ्याचदा गाडीत बसलेल्यांच्या ओळखीपाळखीवर ठरते. कुणाचा भाचा कराडच्या कृष्णा हॉस्पिटलात कामाला असतो, कुणाच्या मेहुण्याचे ऑपरेशन मिरजेत झालेले असते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘वाचंल न्हवं?’ त्याचे उत्तर चार-आठ दिवसांत मिळते. दुसरा प्रश्न, ‘पहिल्यासारखा हुईल का?’, कुणी धीर करून विचारलाच तर डॉक्टर म्हणतात, ‘बघूया, वेळ लागेल.’

यात टाळाटाळ नसते. मेंदूवरची सूज उतरायला आठवडे लागतात आणि त्यानंतरची सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने चालते. पहिल्या सहा महिन्यांत ती सर्वांत वेगाने होते, वर्षापर्यंत आणि त्यानंतरही रेंगाळत सुरू राहते. म्हणजे शस्त्रक्रियेचा खरा निकाल लागतो तेव्हा रुग्ण सर्जनच्या नजरेसमोर नसतो. तो लेंगऱ्यात किंवा आळसंदला आपल्या घरच्या सोप्यात बसलेला असतो. अशा शस्त्रक्रियांनंतर माणसाचे पुढे काय होते, हे गेल्या पन्नास वर्षांत जगाने बरेच मोजले आहे. खानापूर तालुक्यातला माणूस मात्र डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती समाधानकारक’ अशी ओळ पडली की त्या मोजणीतून सहसा बाहेर जातो.

उपचाराच्या बाबतीत हा भाग तसा नशीबवान. अमेरिकन मिशनचे कॅनेडियन डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये दवाखाना उभारला आणि त्या गावाला दवाखान्यांचे गाव ही ओळख मिळाली. १९६२ मध्ये तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, पुढे कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय झाले. मेंदूची शस्त्रक्रिया मात्र उशिरा पोचली. देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभागच १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. नंतरची अनेक वर्षे ‘डोक्याचं ऑपरेशन’ म्हटले की मुंबई, नाहीतर वेल्लोर. पैशाची अडचण काही प्रमाणात सुटली ती राजीव गांधी जीवनदायी योजनेने. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर आलेल्या या योजनेचे नाव २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाले. तिच्या यादीत मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया पहिल्यापासून आहेत. कुटुंबामागे दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. कवटी उघडण्याची सोय आता तास-दीड तासाच्या अंतरावर आहे.

निकाल मोजायचा कसा, यावर सर्जन मंडळींनी बराच काथ्याकूट केला आहे. १९७४ मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धी मोजण्याची पद्धत दिली. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे यांचे मिळून ३ ते १५ गुण. आज छोट्या दवाखान्यातून वर पाठवताना दिलेल्या चिठ्ठीवरही ‘जीसीएस’चा, म्हणजे याच गुणांचा, आकडा असतो. पुढच्याच वर्षी जेनेट यांनी मायकेल बाँड यांच्यासह दुसरी मोजपट्टी काढली, ती निकालाची. तिच्यात पाच पायऱ्या आहेत. मृत्यू, डोळे उघडे असूनही भान नसणे, दुसऱ्याच्या आधाराने जगणे, स्वतःचे स्वतः करता येणे पण पूर्वीचे काम न जमणे, आणि चांगली सुधारणा. पहिली पट्टी जगभर पाठ झाली. दुसरी शोधनिबंधांपुरती राहिली, आणि दुखणे नेमके इथेच आहे.

चौथ्या पायरीवरचा माणूस विट्यात कसा दिसतो ते पाहा. तो स्वतः आंघोळ करतो, जेवतो, एसटीने एकटा भाळवणीला जाऊन येतो. १९६५ पासून वापरात असलेल्या बार्थेल निर्देशांकात, म्हणजे खाणे, चालणे, शौचाला जाणे अशा दहा कामांच्या परीक्षेत, त्याला शंभरपैकी शंभर मिळतील. पण तो यंत्रमागावर कामाला होता. एका वेळी अनेक मागांवर नजर ठेवायची, कांडी संपली की बदलायची, सूत तुटले की माग थांबवून जोडायचे, आणि हे सगळे कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात, रात्रपाळीलासुद्धा. मेंदूला मार लागलेल्या माणसाची पहिली पडझड इथेच होते. त्याला एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देता येत नाही आणि आवाज सहन होत नाही. कागदावर बरा झालेला कारागीर चार दिवसांत घरी परततो आणि लोक म्हणतात, ‘आळशी झालाय.’

म्हणून नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने वेगळी वाट धरली. माणसाला काय करता येते हे डॉक्टरने ठरवण्याऐवजी, आपले आयुष्य कसे चालले आहे असे त्याला स्वतःला वाटते, हेच विचारायचे. त्यासाठी तयार झालेल्या छोट्या प्रश्नावलीत २६ प्रश्न आहेत. झोप, पैसा, नातेसंबंध, घराची अवस्था, सगळे त्यात येते. मेंदूच्या गाठींच्या रुग्णांसाठी युरोपात बनलेली वीस प्रश्नांची पुरवणी मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी हिंदीत आणली, इथल्या रुग्णांवर तपासून घेतली. हे काम मोलाचे आहे. ‘थकवा’ म्हणजे रुग्णाला नेमके काय वाटते, हे त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय कळत नाही.

असे विचारायला लागल्यावर एक अनपेक्षित गोष्टही समोर आली. १९९९ मध्ये गॅरी अल्ब्रेख्त आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांशी बोलून अभ्यास केला. त्यांतल्या ५४ टक्के लोकांनी आपले आयुष्य चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बघणाऱ्याला वाटते तेवढे जगणाऱ्याला ते वाईट वाटत नाही. ‘असं जगून काय उपयोग’ हा शेरा भेटायला आलेल्या पाहुण्याचा असतो, तो रुग्णाचा धरून चालू नये.

तरीही काही शस्त्रक्रियांत हा प्रश्न टाळता येत नाही. ‘हाड पोटात ठेवलंय’ हे वाक्य या भागात आता अनेक घरांना माहीत आहे. डोक्याच्या मारानंतर मेंदू सुजतो, कवटीत त्याला फुगायला जागा नसते, म्हणून कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात. तो जपण्यासाठी पुष्कळदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला जातो आणि काही महिन्यांनी परत बसवतात. दाब कमी होतो हे नक्की. पण माणसाचे पुढे काय? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेक्रा’ चाचणीत १५५ रुग्ण होते. दाब थोडा वाढताच लवकर हाड काढले तर दाब उतरला, पण वाईट निकालांचे प्रमाण मात्र ५१ वरून ७० टक्क्यांवर गेले. पाच वर्षांनी केंब्रिजच्या पीटर हचिन्सन यांच्या पुढाकाराने झालेली ४०८ रुग्णांची ‘रेस्क्यू-आयसीपी’ चाचणी आली. तिच्यात इतर उपाय थकल्यावर, शेवटचा इलाज म्हणून हाड काढले होते. सहा महिन्यांनी मृत्यूचे प्रमाण ४८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आलेले दिसले.

हा आकडा वाचून कुणीही म्हणेल, मग विचार कसला करायचा? पण त्याच निबंधात पुढचा हिशेब आहे. शंभर शस्त्रक्रियांमागे २२ माणसे जास्त वाचली. त्यांतली ६ भान नसलेल्या अवस्थेत राहिली, ८ पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून, आणि ८ निदान घरात स्वतंत्र झाली. वर्षाने पाहिले तेव्हा हे आकडे ५, ४ आणि १३ होते. सहा महिने ते वर्ष या काळात काही माणसे वरच्या पायरीवर चढली होती. याचा सरळ अर्थ असा की तिसऱ्या महिन्यात आशा सोडणारे घर घाई करते.

या चाचणीने ‘घरात स्वतंत्र’ माणसाला चांगल्या निकालात धरले, त्यावरून तज्ज्ञांत वाद झाला. दिवसा आठ तास एकटे ठेवता येईल, इतपत ही सुधारणा. लंडनच्या फ्लॅटमध्ये त्याची किंमत किती ते लंडनच्या लोकांनी ठरवावे. खानापूर घाटमाथ्यावर, जिथे घरातल्या दोघींना रोजगाराला जावे लागते, तिथे म्हाताऱ्या आईच्या भरवशावर आठ तास ठेवता येणारा रुग्ण आणि न येणारा रुग्ण यांत एका मजुरीचा फरक आहे. या बाबतीत चाचणीवाल्यांचे मोजमाप आपल्याकडे जास्त लागू पडते.

हाड परत बसवण्याला लोक फार महत्त्व देत नाहीत. खर्चाच्या भीतीने, ‘आता बरा आहे की’ म्हणून ते लांबवले जाते. वास्तविक कवटीचा तो भाग उघडा राहिला की कातडी आत ओढली जाते, डोके दुखते, चक्कर येते, कधी कधी हातापायाची ताकदही कमी होते. हाड बसवल्यावर काही रुग्णांची बोलण्या-चालण्यात सुधारणा झालेली सर्जन पाहत आले आहेत. दुसरे ऑपरेशन हा उपचाराचाच उरलेला भाग आहे.

सगळेच चित्र असे काळवंडलेले नाही. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात हळूहळू साचणारी गुठळी हा या क्षेत्रातला सर्वांत समाधान देणारा आजार म्हणावा लागेल. आबा मोरीत घसरून पडतात, तेव्हा काही होत नाही. तीन-चार आठवड्यांनी ते बडबडायला लागतात, एक पाय ओढतात, धोतरातच लघवी होते. घरचे म्हणतात, वय झाले. सीटी स्कॅन केला तर कवटीच्या आत जुने, पातळ झालेले रक्त सापडते. कवटीला छिद्र पाडून ते काढले की अनेक आबा दोन दिवसांत नातवंडांना नावाने हाक मारतात. यातही बारकावा आहे. केंब्रिजच्या २१५ रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस निचऱ्याची नळी ठेवली तर गुठळी पुन्हा होण्याचे प्रमाण २४ वरून ९.३ टक्क्यांवर आले आणि सहा महिन्यांतले मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २००९ मधला हा निष्कर्ष. एका साध्या नळीने एवढा फरक पडतो, हे जाणून घेण्यासाठी चाचणी करावी लागली.

मणक्याची कथा उलटी. ‘मणक्यात गॅप पडलाय’ हे वाक्य ऊसतोड मजुरापासून शाळामास्तरापर्यंत सगळे बोलतात आणि ऑपरेशन केले की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, ही भीती त्याच्या मागोमाग येते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांची चाचणी झाली, २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. गादी सरकून पायात कळ जाणाऱ्या या लोकांत काहींचे लवकर ऑपरेशन केले, काहींना थांबवले. ऑपरेशन झालेले लवकर बरे झाले, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मध्येच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे भीतीही चुकीची आणि घाईही चुकीची. अपवाद एकच: लघवी अडली किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर एक दिवसही थांबू नये.

मुलांच्या ‘डोक्यात पाणी’ होण्यावर घालतात त्या शंटची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेंदूतले पाणी पोटात सोडणारी ही नळी पाश्चात्त्य कंपन्यांची असेल तर महाग. उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारी छाब्रा शंट त्या मानाने फारच स्वस्त. बेंजामिन वॉर्फ या अमेरिकन सर्जनने युगांडात १९५ मुलांवर दोन्हींची तुलना केली. एक सुमारे ३५ डॉलरची, दुसरी ६५० डॉलरची. वर्षाने निकाल सारखेच निघाले. महाग ते चांगले, या समजाला २००५ मध्येच मिळालेले हे उत्तर आपल्याकडे अजून पुरेसे पोचलेले नाही. शंट घातलेल्या मुलाच्या आईला मात्र एक गोष्ट कुणीतरी नीट समजावायला हवी. नळी कधीही तुंबू शकते. उलट्या, सुस्ती, डोकेदुखी दिसली की गावातल्या सलाइनवर वेळ घालवायचा नाही.

गाठींचे प्रकार इतके, की ‘मेंदूची गाठ’ म्हणून एकच भविष्य सांगणे अन्यायाचे आहे. मेंदूच्या आवरणाची गाठ बहुधा साधी असते आणि पूर्ण निघाली तर रुग्ण दीर्घकाळ चांगला जगतो. ग्लिओब्लास्टोमा या घातक गाठीची बाब वेगळी. २००५ मध्ये रॉजर स्टुप यांच्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रिया आणि किरणोपचाराला टेमोझोलोमाइडच्या गोळ्या जोडल्यावर मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिने झाले. या अडीच महिन्यांसाठी घरदार विकायचे का, हा प्रश्न विचारण्याची मुभा घराला असली पाहिजे आणि डॉक्टरांनी तो ऐकून घेतला पाहिजे. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्के झाले, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

साधी किंवा मंद वाढणारी गाठ असलेल्या मुलांबाबत टाटा मेमोरियलचेच एक काम जगभर वाखाणले गेले. डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी ३ ते २५ वयाच्या २०० रुग्णांवर दोन प्रकारचे किरणोपचार तपासले. एक नेहमीचा, दुसरा गाठीपुरता काटेकोर बेतलेला. जगण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. पण काटेकोर उपचार मिळालेल्यांची बुद्धी पाच वर्षांनी जास्त शाबूत होती आणि संप्रेरकांचे नवे बिघाड ५१ टक्क्यांऐवजी ३१ टक्क्यांत झाले. केवळ ‘किती जगले’ एवढेच मोजले असते तर दोन्ही उपचार सारखेच ठरले असते. ही मुले कशी जगली, हेही मोजल्यामुळे फरक कळला.

आता घराकडे वळू, कारण खरा तिढा तिथे आहे.

पहिली अडचण फिटची. तिला आकडी म्हणा नाहीतर फेफरे. डोक्याला मार लागल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर फिट येऊ नये म्हणून गोळ्या देतात. डोक्याच्या मारात अशा गोळ्या पहिल्या आठवड्यातल्या फिट रोखतात, नंतरच्या रोखत नाहीत, हे १९९० पासून माहीत आहे. तरीही ज्याला एकदाही फिट आली नाही असा माणूस वर्षानुवर्षे त्या घेत राहतो, कारण बंद करायला कुणी सांगितलेलेच नसते. याच्या उलट, ज्याला खरोखर फिट येतात तो ‘आता बरं वाटतंय’ म्हणून एके दिवशी गोळी सोडतो आणि विहिरीच्या काठावर किंवा मोटारसायकलवर पुढची फिट येते. विट्याच्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, भट्टीसमोर, मागाच्या पट्ट्याशेजारी, ऊसतोडीच्या फडात फिट म्हणजे जिवाशी गाठ. काहींना शस्त्रक्रियाच फिटमधून सोडवते. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना न जुमानणाऱ्या फिटच्या ११६ मुलांवर झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर वर्षाने ७७ टक्के मुले फिटमुक्त होती. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते.

लग्नाच्या बाजारात फिट लपवली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फिट हे लग्न रद्द करण्याचे कारण कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकले गेले. लोकांच्या मनातून ते निघायचे आहे.

दुसरी अडचण दिसत नाही म्हणून जास्त छळते. ‘स्वभाव बदललाय’ असे बायको सांगते. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की माणूस चिडका होतो, किंवा उलट, कशातच रस घेत नाही. सकाळी उठवले तर उठतो, जेवायला वाढले तर जेवतो. चारचौघांत नको ते बोलतो. सासरचे म्हणतात, मुद्दाम करतोय. सुनेला ना रडता येते ना सांगता येते, कारण लोकांच्या नजरेत तिचा नवरा वाचलेला आहे. वास्तविक हा आजाराचाच भाग आहे, एवढे एक वाक्य डिस्चार्जच्या वेळी कुणी बोलले तरी घरातली निम्मी भांडणे टळतील. न्यूरोसर्जनच्या ओपीडीत यासाठी वेळ नसतो आणि मेंदूच्या मानसिक कार्यांची तपासणी करणारा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी भेटत नाही.

विट्याची आणखी एक खासियत आहे. गलाईच्या धंद्यामुळे खानापूर-आटपाडीची कुटुंबे तमिळनाडू-केरळपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पांगलेली आहेत. त्यामुळे ऑपरेशन एका राज्यात, शुश्रूषा गावाकडे, असे घडते. कागदपत्रे तिकडेच राहतात. रक्तवाहिनीच्या फुग्याला लावलेली क्लिप कुठल्या धातूची, शंट कुठल्या बनावटीची, हे नोंदलेले नसेल तर पाच वर्षांनी साधा एमआरआय करतानाही डॉक्टर अडखळतात.

भान परत न आलेल्या रुग्णांविषयी बोलताना मराठी माणसाला अरुणा शानबाग आठवल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्याच रुग्णालयात राहिली. तिच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा इच्छामरणाबाबतचा निकाल आला, त्याची चर्चा खूप झाली. त्यामानाने एका गोष्टीची चर्चा कमी झाली. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिची अशी निगा राखली की इतकी वर्षे अंथरुणावर असूनही तिच्या पाठीला जखमा झाल्या नाहीत. हाडामांसाच्या माणसांनी पाळ्या लावून केलेले हे काम आहे. घरी हेच काम एकटी बायको किंवा एकटी आई करते, दर दोन तासांनी कूस बदलते, नळीतून भरवते. तिला पाळी नाही, सुट्टी नाही.

अशा रुग्णाबाबत लवकर निकाल देऊ नये, याला आता बळकट आधार आहे. अमेरिकेतल्या ‘ट्रॅक-टीबीआय’ अभ्यासात, मार लागल्यानंतर दोन आठवड्यांनी भान नसलेल्या ७९ रुग्णांपैकी ६२ जणांना वर्षभरात भान आले होते. ते सगळे कामाला लागले असे नव्हे. पण पंधराव्या दिवशी ‘घरी न्या, काही राहिलं नाही’ म्हणणे विज्ञानाला धरून नाही.

मग घरच्यांनाच शिकवून काम भागेल का? हा विचार स्वस्त आणि मोहक आहे, आणि भारतातच त्याची कसोटी लागली. पक्षाघाताच्या १२५० रुग्णांवर देशातल्या १४ केंद्रांत ‘अटेंड’ चाचणी झाली. निम्म्या घरांतल्या माणसांना व्यायाम करून घ्यायला शिकवले, निम्म्यांना नेहमीचा उपचार. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे ४७ टक्के. पक्षाघात आणि शस्त्रक्रिया एक नव्हेत, हे मान्य. तरी धडा तोच आहे. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टची जागा घरच्यांच्या मायेने भरून निघत नाही. कराडला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, खडकीत जखमी जवानांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक केंद्र आहे. नागेवाडीच्या रुग्णाला मात्र आठवड्यातून तीनदा कराडला न्यायचे तर गाडीभाडे जाते आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. दुसऱ्याच आठवड्यात व्यायाम सुटतो.

फुले योजनेत सुरुवातीला ९७१ उपचारांच्या जोडीला पाठपुराव्याची १२१ पॅकेजेस होती, हे नोंदवले पाहिजे. सरकारला ही गोष्ट सुचली नाही असे नाही. पण पाठपुरावा म्हणजे तपासणी आणि औषधे. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, वाचा उपचार, स्मृतीचे व्यायाम त्यात येत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण मेंदूला झालेली इजा हा वेगळा प्रकार नाही. हात-पाय लुळे पडले असतील किंवा वाचा गेली असेल तर प्रमाणपत्र मिळते. स्मरणशक्ती आणि स्वभाव बिघडलेला, हिंडता-फिरता माणूस तपासणीच्या टेबलासमोर ठणठणीत दिसतो आणि ४० टक्क्यांची अट त्याला अडवते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या अपघातांबद्दल जास्त लिहायची गरज नाही, कारण उपाय सगळ्यांना माहीत आहे. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा. हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. विट्यात हेल्मेट आरशाला लटकलेले दिसते. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा रोखरहित उपचार देणारी केंद्राची योजनाही आली आहे. सात दिवसांनंतरचे काय, हा प्रश्न तिथेही उरतोच.

करण्यासारखी पहिली गोष्ट अगदी स्वस्त आहे. निकालाची आठ पायऱ्यांची सुधारित मोजपट्टी फोनवरून भरता येते, तिचे ठरावीक प्रश्न १९९८ पासून तयार आहेत. फुले योजनेचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने रुग्णाच्या घरी फोन करून ते भरावेत आणि आकडे जाहीर करावेत, अशी अट सरकारने घालावी. ऑपरेशनचे पैसे मोजणाऱ्या सरकारला त्या ऑपरेशनचे फलित विचारण्याचा अधिकार आहे. त्यासोबत विट्यासारख्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून निदान दोन दिवस फिजिओथेरपिस्ट आणि महिन्यातून एकदा वाचा उपचारतज्ज्ञ यावा. हे दोन्ही होईपर्यंत रुग्णाच्या घरच्यांनी घरी सोडण्यापूर्वी कार्डावर काही गोष्टी मराठीत लिहून मागाव्यात. फिटच्या गोळ्या किती दिवस, हाड कधी बसवायचे, क्लिप किंवा शंट कुठल्या बनावटीची, आणि काय दिसले की त्याच रात्री परत यायचे.